नगरपालिकेचा विकास आराखडा पुढची वीस वर्षं टिकणारा आहे का, हे अभियंता नसलेल्या माणसाने कसं ओळखायचं?

तुमच्या प्रश्नाखाली कंसात एक ओळ आहे: "आमच्याकडे गुंठेवारीवाल्यांनी शहराची वाट लावली आहे." त्या ओळीमुळे लिहायला बसलो. नवीन प्रारूप आराखड्यातला जमीन वापर आणि घरांचं नियोजन कसं तपासायचं हेही सांगतो, पण आधी गुंठेवारीचं, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून मंजूर लेआउटशिवाय उभ्या राहिलेल्या वस्त्यांचं बोलू.

मी सांगलीचा, गुंठेवारीत वाढलेला. आता बावीस वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. आमचे तात्या मार्केट यार्डात हमाल होते. हळदीची पोती उचलून संध्याकाळी घरी यायचे तेव्हा कानाच्या पाळीपर्यंत पिवळे झालेले असायचे. १९९४ साली त्यांनी दीड गुंठा जागा घेतली. शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्यामुळे स्वतंत्र उतारा निघत नव्हता, म्हणून सात-बारावर बारा जणांबरोबर सामाईकात नाव. त्याच सुमारास आमच्या बाजूला जे मंजूर लेआउट होते, त्यात सगळ्यात छोटा प्लॉट तीन गुंठ्यांचा होता, आणि हमालाला कर्ज द्यायला एकही बँक तयार नव्हती. म्हणजे तात्यांनी कायदा मोडायचा म्हणून गुंठेवारी निवडली नाही. दीड गुंठा विकणारा दुसरा कुणी नव्हता, एवढीच गोष्ट होती.

जमीन काळी. मे महिन्यात भिंतीला भेग पडायची, आई त्या भेगेत लाईटबिलाच्या पावत्या खोचून ठेवायची. जुलैत जमीन फुगली की भेग अशी मिटायची की पावती ओढायला गेलं तर फाटायची. घराच्या मागे साठ-सत्तर पावलांवर ओढा. वीस फूट रुंद, पुरुषभर खोल. उन्हाळ्यात त्यात आम्ही क्रिकेट खेळायचो.

२००५ च्या पुरात पहिल्यांदा घरात पाणी आलं. पाणी ओसरल्यावर तात्यांनी दाराच्या चौकटीवर, चिखलाची रेघ होती तिथे एक खिळा ठोकला. माझ्या गुडघ्याच्या थोडा वर.

पुढच्या वर्षी अक्काच्या मिस्टरांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, मंजूर लेआउटमध्ये बंगला बांधला. वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो. तात्या नवी टोपी घालून आले होते. जेवणं चालू असताना पुराचा विषय निघाला आणि दाजी पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले, "ओढ्यात घरं बांधली गुंठेवारीवाल्यांनी, बुडाली सांगली. आमच्याकडं बघा, सगळं प्लॅनप्रमाणं." तात्या काही बोलले नाहीत. जावयाच्या दारात सासरा काय बोलणार? ताटातला भात तसाच ठेवून हात धुतला आणि पाहुण्यांना पाणी वाढायला लागले. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो. मलाही उत्तर देता आलं नाही, कारण त्या दिवशी मला उत्तर माहीत नव्हतं.

आता चौकटीचं ऐका. २००५ च्या खिळ्यानंतर तात्यांनी आणखी चार खिळे ठोकले. सगळ्यात वरचा २०१९ चा, माझ्या छातीला लागतो. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथे ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे सांगलीत शाळेतल्या पोराला पाठ असतं. पण उरलेले तीन खिळे ज्या वर्षांचे आहेत, त्या वर्षी घरात पाणी शिरलं तेव्हा कृष्णा इशारा पातळीलाही नव्हती. नदी पात्रात आणि पाणी आमच्या स्वयंपाकघरात. हे पाणी आलं कुठून?

हे शोधायला मला फार दिवस लागले, आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. भूमी अभिलेखच्या कार्यालयातून जुन्या गावनकाशाची नक्कल काढली. त्यात ओढा स्पष्ट दाखवलेला, दोन नागमोडी रेघांचा. ऑफिसातल्या ट्रेसिंग पेपरवर तो गिरवला, लेआउटच्या नकाशाच्या मापाला आणला आणि वर ठेवला. ओढा बरोबर दाजींच्या लेआउटमधून जात होता, आणि नेमका कुठून? खुल्या जागेतून. लेआउटमध्ये दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. विकासकाने ती ओढ्याच्या खळग्यात सोडली, खळगा भरून घेतला, वर घसरगुंडी बसवली आणि खालून तीन फुटी सिमेंटचा पाइप टाकला. कागदावर सगळं नियमात. ओढ्याचा छेद होता वीस गुणिले सहा, म्हणजे एकशेवीस चौरस फूट. तीन फुटी पाइपचा होतो सात. सतरा ओढ्यांचं पाणी एका ओढ्यात घालावं तसं झालं. लेआउट भराव घालून वर उचललेला, त्यामुळे तिथे थेंब थांबत नाही. पाइप तुंबला की पाणी मागे सरकतं आणि मागे आम्ही आहोत.

म्हणून तुमच्या हातात आराखडा आला की रंग बघत बसू नका. हिरवा रंग जास्त आहे म्हणजे आराखडा चांगला, असं अजिबात नसतं. आधी गावनकाशातला प्रत्येक ओढा, ओघळ, तळं नव्या नकाशात सापडतंय का ते बघा. सापडलं तर त्याची रुंदी तेवढीच आहे का बघा. आणि उद्यानाची आरक्षणं कुठे टाकलीत ते बघा. सगळी उद्यानं खळग्यात आणि पूररेषेत असतील, तर ती माणसांसाठी ठेवलेली नाहीत, विकता न येणारी जमीन हिशेबात बसवलेली आहे. (पूररेषेत खुली जागा असणं चुकीचं नाही, उलट तिथे तीच असावी. पण मग वस्तीतली मैदानं मोजताना ती वजा करायची.)

पूररेषांचं थोडं सांगतो. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. निळ्याच्या आत नव्या बांधकामाला मनाई. निळ्या आणि लालच्या मध्ये जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा दीड फूट वर घेतलं तर परवानगी मिळते. ऐकायला ठीक वाटतं. पण तिथे जमीन लाल पातळीच्या पाच फूट खाली असेल, तर साडेसहा फुटांचं जोतं करायचं, म्हणजे ट्रॉल्यांवर ट्रॉल्या मुरूम. त्या मुरमाने जेवढी जागा अडवली तेवढं पाणी शेजाऱ्याच्या घरात जातं. प्रत्येक घर नियमाने बरोबर आणि सगळी वस्ती मिळून चूक. आराखड्यात या दोन रेषांमधला पट्टा पिवळा, म्हणजे रहिवासी, रंगवला असेल तर तुमची पहिली हरकत त्यावर घ्या.

लोकसंख्येचाही घोळ असतो. सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या २००१ ला ४,३६,७८१ होती, २०११ ला ५,०२,७९३. दहा वर्षांत पंधरा टक्के. तुमच्या गावचे असेच दोन आकडे काढा आणि आराखड्याच्या अहवालात वीस वर्षांनंतरचा आकडा काय धरलाय तो बघा. दुप्पट-अडीचपट धरला असेल तर विचारा, कशाच्या जोरावर? आकडा फुगवला की शेती पिवळी करायला कारण मिळतं. आणि तो आकडा खरा धरला तर पाणी कुठून आणणार, हेही त्याच अहवालात असलं पाहिजे. माणशी १३५ लिटर धरलं तर एक लाख नवीन लोकांना रोज १ कोटी ३५ लाख लिटर लागतं, आणि त्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. ते शुद्ध करायची जागा नकाशात दाखवली नसेल तर ते ओढ्यात आणि तिथून नदीत जाणार. शहराचं सांडपाणी कृष्णेत नेणाऱ्या शेरी नाल्याचा प्रश्न सांगलीकर किती वर्षं ऐकतायत ते कुणालाही विचारा.

आता घरांचं. माझं मत स्पष्ट आहे: गुंठेवारी हा आराखड्याचा शत्रू नाही, ती आराखड्याची राहिलेली बाजू आहे. शहरात हमाल आहेत, भाजीवाल्या आहेत, गवंडी आहेत, गॅरेजवाले आहेत. पिवळ्या रंगात त्यांच्यासाठी दीड गुंठ्याचा प्लॉट नसतो. २०१३ ला मोठ्या लेआउटमध्ये वीस टक्के छोटे प्लॉट किंवा छोटी घरं ठेवायचा नियम आला, तोही दहा लाखांवरच्या महापालिकांसाठी. सांगलीएवढ्या शहरावर ती सक्ती आली नाही. मग माणूस जातो कुठे? जिथे शेतकरी तुकडा पाडून देतो तिथे. नंतर सरकार २००१ ला कायदा करून ते नियमित करतं, २०२१ ला मुदत वाढवून डिसेंबर २०२० पर्यंतची घरं पुन्हा नियमित करतं. वीस वर्षांनी तोच कायदा पुन्हा वाढवावा लागतो, म्हणजे मधल्या काळात स्वस्त जागा कुणी दिलीच नाही. तुमच्या आराखड्यात बेघर, झोपडपट्टी आणि अल्प उत्पन्न गटासाठी किती आरक्षणं आहेत ती मोजा. मग मागच्या आराखड्यातली तशी किती आरक्षणं प्रत्यक्षात आली ते मोजा. दहा वर्षांत संपादन झालं नाही तर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस देऊन आरक्षण रद्द करून घेऊ शकतो, आणि मालक ती देतात. मागच्या आराखड्याचा हिशेब हीच नव्या आराखड्याची खरी परीक्षा.

दोन वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्याच एका छोट्या गावच्या आराखड्यावर मी तिथल्या चार जणांना हरकत लिहून दिली. मोठमोठे शब्द टाळले. गट नंबर, गावनकाशाची नक्कल, वर ट्रेसिंग, आणि एकच मागणी: ओढा आहे त्या रुंदीने दाखवावा. सुनावणीत पाच मिनिटं मिळाली आणि तेवढी पुरली, कारण नकाशा समोर होता. हरकतींत लोक भाषण लिहितात, ते वाचायला कुणाला वेळ नसतो. मुदतीच्या आत द्या, पोच घ्या, आणि सुनावणीला स्वतः जा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, आता सांगतो. मी अभियंता नाही, ड्राफ्ट्समन आहे. ओढ्यातून किती पाणी येतं याचं गणित जलशास्त्राच्या माणसाकडून करून घ्या, माझा सात आणि एकशेवीसचा हिशेब ढोबळ आहे, वेग आणि उतार त्यात धरलेला नाही. २०१९ चा पूर ओढा मोकळा असता तरी घरात आलाच असता, त्या वेळी नदीच ओढ्यांतून उलटी शहरात शिरत होती. आणि आमच्या वस्तीनेही ओढ्यात राडारोडा टाकला आहे. तात्यांनीसुद्धा १९९६ ला मागच्या बाजूला दोन ट्रॉल्या मुरूम टाकला होता, मी पाट्या वाहिल्या होत्या. त्यामुळे आमच्या बाजूचा काठ तीन-चार फूट पुढे आला, हे खरं आहे. पण तीन-चार फूट आणि अख्खा ओढा यात फरक आहे.

तात्या २०२२ ला गेले. तो नकाशा त्यांना दाखवला होता. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले, ओढ्याच्या रेघेवरून बोट फिरवत लेआउटच्या मैदानापर्यंत गेले आणि म्हणाले, "इथं अक्काचं पोरगं खेळत होतं की रं." दाजींचं नाव काढलं नाही. दाजींना मी तो अजून दाखवलेला नाही, अक्काकडे बघून. पण या भाऊबीजेला सोबत नेणार आहे. भांडायला नाही. त्यांच्या सोसायटीने खुल्या जागेतला पाइप काढून पेटी नाला, म्हणजे काँक्रीटचा रुंद चौकोनी नाला, मागितला, तर अर्जावर पहिली सही त्यांची हवी आहे. तिथे माझ्यापेक्षा त्यांच्या शब्दाला वजन आहे.

तुम्ही गावाचं नाव दिलेलं नाही. हरकतींच्या मुदतीचे किती दिवस उरलेत तेवढं लिहा. गावनकाशाची नक्कल मिळाली की तिचा आणि आराखड्याच्या त्याच भागाचा सरळ वरून काढलेला फोटो पाठवा, गट नंबर वाचता येतील असा. एका रविवारात ट्रेसिंग करून देतो.