एका बॅडमिंटन कोर्टवर दोन खेळ

प्रश्न : मी तालुक्याच्या महाविद्यालयात रासेयो (राष्ट्रीय सेवा योजना) कार्यक्रम अधिकारी आहे. दरवर्षी ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, परिसरातल्या दिव्यांग मुलांना आम्ही बोलावतो. भाषणं, व्हीलचेअरची शर्यत, प्रमाणपत्रं, की मुलं घरी. आमचे विद्यार्थी कडेला उभे राहून टाळ्या वाजवतात. सगळ्यांना दर आठवड्याला एकत्र खेळता येईल असं काही आहे का? जागा म्हणाल तर बॅडमिंटनचा एक हॉल, पैसे बेताचे.

उत्तर : तेवढा हॉल पुरे. बॅडमिंटन कोर्ट १३.४० बाय ६.१० मीटर असतं. सिटिंग व्हॉलीबॉलला, म्हणजे जमिनीवर बसून खेळायच्या व्हॉलीबॉलला, १० बाय ६ मीटर लागतात; बोचिया या खुर्चीत बसून चेंडू टाकायच्या खेळाला १२.५ बाय ६. दोन रंगांच्या चिकटपट्ट्यांनी दोन्ही आखून घ्या. हॉलच्या दाराशी पायरी असेल तर आधी तिचं बघा : १५ सेंटिमीटर उंचीला किमान १.८ मीटर लांबीचा उतार हवा. तिरकी टेकवलेली आखूड फळी धोक्याची.

सुरुवात सिटिंग व्हॉलीबॉलने करा, कारण त्यात तुमचे विद्यार्थीही जमिनीवर बसतात. जाळीची उंची पुरुषांसाठी १.१५ मीटर, महिलांसाठी १.०५. बॅडमिंटनची जाळी खाली बांधून आणि हलका चेंडू घेऊन सराव होतो. चेंडू खेळताना खांद्यापासून बुडापर्यंतचा काहीतरी भाग जमिनीला टेकलेला हवा. चालत्याफिरत्या मुलांचं चुकतं ते इथेच. चेंडू डोक्यावरून जायला लागला की ती पटकन गुडघ्यांवर येतात. पंचांनी दर वेळी समोरच्या संघाला गुण द्यावा. एकदा सोडून दिलं की ज्यांना उठता येतं त्यांचाच खेळ होतो.

दुसरी अडचण हातांची : सरकायचंही हातांनीच आणि मारायचंही हातांनीच. म्हणून पहिली पंधरा मिनिटं चेंडू बाहेर काढूच नका. तळवे मांड्यांच्या बाजूला टेकवून पुढे, मागे, आडवं सरकायचं. पूर्ण लांबीची पँट घालायला सांगा, खरबरीत सिमेंटवर साल निघते. मणक्याला इजा झालेल्यांना मात्र फरशीवर सरकायला लावू नका. कातडीला संवेदना नसेल तर जखम झालेली कळत नाही आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही.

त्यांच्यासाठी आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेल्यांसाठी बोचिया. हा खुर्चीत बसून खेळायचा खेळ. एक पांढरा चेंडू पुढे टाकायचा, मग सहा लाल आणि सहा निळ्या चेंडूंपैकी आपले त्याच्याजवळ न्यायचे. चेंडूचं वजन साधारण २७५ ग्रॅम, घेर २७ सेंटिमीटर. विकतचा संच महाग पडतो. सरावापुरते दोन मोजे एकात एक घालून तांदूळ भरा आणि काट्यावर २७५ ग्रॅम जमवा. पावसाळ्यात तांदळाला कीड लागते, तेव्हा अधूनमधून ऊन द्या. ज्यांना फेकता येत नाही त्यांच्यासाठी ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उभा चिरून घसरगुंडी करा. चेंडू तिच्यातून नीट घरंगळतो.

घसरगुंडी धरणाऱ्या सहायकाने कोर्टाकडे पाठ करून बसायचं, हा खेळाचा नियमच आहे. किती डावीकडे, किती उंचावरून, हे खेळाडू सांगेल. त्याचं बोलणं अस्पष्ट असेल तर वाट बघायची, अंदाजाने घसरगुंडी हलवायची नाही. तुमच्या स्वयंसेवकांना हीच गोष्ट सगळ्यात जड जाईल. माझ्या मते अर्धं प्रशिक्षण यावरच खर्च करावं. व्हीलचेअर ढकलण्याचंही तसंच : आधी विचारायचं, मग हात लावायचा.

प्रश्न : वसतिगृहात दोन अंध विद्यार्थी आहेत. त्यांच्याबरोबर डोळस मुलांना कोणता खेळ खेळता येईल?

उत्तर : गोलबॉल, म्हणजे आवाजावरून चेंडू अडवायचा आणि समोरच्यांच्या गोलात घरंगळत टाकायचा खेळ. तीन विरुद्ध तीन, आणि सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी. ज्यांना अंधुक दिसतं त्यांच्याही. मैदान १८ बाय ९ मीटर, म्हणजे तुमच्या व्हॉलीबॉल कोर्टाएवढंच. पण चेंडू घरंगळत टाकायचा असल्याने मातीचं नको, गुळगुळीत फरशीचं हवं. रेषेखाली सुतळी घालून वर चिकटपट्टी लावा, म्हणजे बोटांना रेष लागते. खरा चेंडू घुंगरांचा, १.२५ किलोचा. तो मिळेपर्यंत बास्केटबॉलला कॅरीबॅग घट्ट बांधा : घेर जवळपास तेवढाच, वजन निम्मं, आणि पिशवीची सळसळ ऐकू येते. खेळ हॉलमध्ये असेल तर आवाज ऐकू यावा म्हणून पंखे बंद ठेवा. प्रेक्षकांना आधीच सांगा, चेंडू फिरत असताना चकार शब्द नाही. टाळ्या पंचांची शिट्टी झाल्यावर.