पावसामुळे मुलांची फायनल रद्द झाली तर विजेता कसा ठरवावा? टॉस चालेल का?

टॉस करू नका. बाकी काय वाट्टेल ते करा.

तुम्ही लिहिलंय की सिडकोतल्या १४ वर्षांखालच्या पोरांची फायनल वळवानं धुऊन नेली, मैदान परत मिळत नाहीये आणि दोन्हीकडचे पालक ग्रुपवर भांडताहेत, म्हणून नाणं उडवून मोकळं व्हावं असं चाललंय. तुम्ही व्हाल हो मोकळे. पोरं होत नाहीत. मी पस्तिशीला आलो, मी अजून झालेलो नाही.

दहावीच्या निकालाची वाट बघत होतो तेव्हाची गोष्ट. नाशिकरोडला सोळा वर्षांखालची स्पर्धा, वीस-वीस ओव्हर, सीझन बॉल, मॅटवर. फायनलला समोरच्यांनी १०४ केल्या. आमची बॅटिंग आली तेव्हा सिन्नरच्या बाजूला आभाळ काळं होत होतं, पण मे महिन्यात रोजच होतं, कोण बघतो? तिसऱ्या ओव्हरला एक विकेट पडली, मी आत गेलो. पाचव्या ओव्हरचे दोन चेंडू झाले तेव्हा आम्ही ३८ वर १. पुढचा चेंडू टाकायला बोलर वळला आणि असा धुरळा उठला की मला तो दिसेचना. मग टपटप मोठे थेंब. सगळे मॅट गुंडाळायला धावले. स्कोअर लिहिणाऱ्या पोरानं वही शर्टाच्या आत घातली आणि पोट धरून पळाला.

अर्ध्या तासात मैदानाचा हौद. छपराखाली उभं राहून आयोजकांनी सांगितलं, दुसऱ्या डावाच्या पाच ओव्हर पुऱ्या झाल्या नाहीत, त्यामुळे निकाल धरता येत नाही. आता हा नियम खोटा नाही. टी-ट्वेंटीत निकाल लागायला दुसऱ्या टीमला निदान ५ ओव्हर मिळाव्या लागतात. पण पहिला चेंडू पडण्याआधी हे कुणी बोललं होतं का? एक अक्षर नाही. चार चेंडू कमी पडले. आम्हाला माहीत असतं तर आम्ही पळत जाऊन गार्ड घेतला असता.

दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर लग्नाचा मांडव पडणार होता. म्हणून टॉस. आमच्या कॅप्टननं काटा मागितला. नाणं चिखलात पडलं आणि तिरपं रुतून उभं राहिलं. आम्ही ओणवे होऊन बघतोय, काट्याची बाजू जरा जास्त वर, शपथेवर सांगतो. आयोजकांनी ते उपटलं, पँटला पुसलं, परत उडवलं. छापा. करंडक गेला समोर. त्या पोरांनाही धड उड्या मारता येईनात, हे मला आजही आठवतं.

आमचे अण्णा प्रेसमध्ये होते. नोटा छापणाऱ्याच्या पोराची फायनल पाच रुपयांच्या नाण्यावर गेली, हा विनोद कॉलनीत वर्षभर चालला. स्वतः अण्णा मात्र घरी जाताना स्कूटरवर एवढंच म्हणाले, "चौथ्या ओव्हरला ग्लोव्हज बदलत बसलास, तिथं मॅच गेली." ते वाक्य तेव्हापासून आमच्या घरात पाहुण्यासारखं येऊन-जाऊन असतं.

मोठ्यांच्या क्रिकेटमध्ये बघा. २०२० च्या महिला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची सेमीफायनल सिडनीत एकही चेंडू न पडता गेली. भारत गटात पहिला होता म्हणून फायनलला, इंग्लंड घरी. इंग्लंडला झोंबलं असणारच, पण नियम आधीच लिहिलेला होता. २०२३ ची आयपीएल फायनल राखीव दिवसावर ढकलली, तिथंही पाऊस आला, तरी १५ ओव्हरचं लक्ष्य देऊन मध्यरात्र उलटल्यावर संपवलीच. उलट २००२ ची चॅम्पियन्स ट्रॉफी. कोलंबोत फायनल दोनदा पहिल्यापासून सुरू केली, श्रीलंकेनं दोन्ही दिवस पुरे ५० ओव्हर खेळून काढले आणि दोन्ही दिवस आपली बॅटिंग पावसात गेली. शेवटी करंडक दोघांत. म्हणून दुसऱ्या दिवशी खेळवणार असाल तर थांबलात तिथून पुढे खेळवा.

तुमच्या बाबतीत? नियम आधी सांगितला नसेल तर आता कुठलाही काढलात तरी तो नियम नव्हे, घासाघीस आहे. रविवारी सकाळी सातला कुठल्याही मोकळ्या मैदानावर पाच-पाच ओव्हर खेळवा. तेही जमत नसेल तर संयुक्त विजेते, आणि दुसरा करंडक करून घ्या. सहा-सहा महिने कपाटात ठेवायची वाटणी करू नका, तो करंडक दुसऱ्या घरी कधीच पोचत नाही. साखळीत पहिला आला तो विजेता, हेही चालतं, पण दोन गट असतील आणि एक गट कच्चा असेल तर नको. आणि विजा चमकत असतील तर पाच ओव्हर पुऱ्या करायच्या नादात पोरांना मैदानात उभं करू नका, हे खरं तर वरच लिहायला हवं होतं.

राहता राहिले ग्लोव्हज. मागच्या रविवारी मी घड्याळ लावून बदलून बघितले. पंचेचाळीस सेकंद. चार चेंडूंना आमचा तो बोलर सहज तीन मिनिटं घ्यायचा, त्याचा रनअप साइट स्क्रीनपासून. अण्णांना हे उत्तर वाचून दाखवणार आहे.

पाणी प्यायलो होतो, ते यात धरलेलं नाही.