भाडं, हप्ता आणि वडिलांची ग्रॅच्युइटी

दसरा जवळ आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच असतो. घर नक्की घ्यायचंय कोणाला, हे पत्र अर्धं वाचून झालं तरी कळत नाही. वडिलांना घ्यायचं असतं, मामांना घ्यायचं असतं, होणाऱ्या सासऱ्यांना घ्यायचं असतं. हप्ते मात्र पत्र लिहिणाऱ्याने भरायचे असतात. मी बँकेच्या गृहकर्ज विभागात होतो तेव्हाही टेबलापलीकडे असेच चेहरे असायचे. शंका त्याच त्या येतात, म्हणून काहींची उत्तरं इथे एकत्र देतो.

प्रश्न : वय २९. पुण्यात वाकडला २२ हजार भाडं भरतो. साताऱ्याहून आई-बाबांचं रोज एकच : भाड्याचे पैसे पाण्यात जातात, तेवढ्याच हप्त्यात स्वतःचं घर होईल. बांधकाम चालू असलेला ६५ लाखांचा फ्लॅट पाहिला आहे. घेऊ का?

उत्तर : ‘तेवढ्याच हप्त्यात’ म्हणणाऱ्यांपैकी कोणीही कागद-पेन्सिल घेऊन बसलेलं नसतं. आपण बसू. ६५ लाखांच्या घराला बँक जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ५२ लाख देऊ शकते. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी त्याचा हप्ता होतो ४५ हजारांच्या वर. उरलेले १३ लाख तुमचे. त्याशिवाय घराच्या किमतीच्या ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे साडेचार लाख, नोंदणीचे ३० हजार, आणि बांधकाम चालू आहे म्हणून ५ टक्के जीएसटी, सव्वातीन लाख. म्हणजे साधारण २१ लाख खिशातून गेले आणि घरात अजून पंखासुद्धा लागलेला नाही.

आता पाण्याचं. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले ३६ हजार ८०० रुपये निव्वळ व्याजाचे असतात. तुमचं २२ हजार भाडं पाण्यात जात असेल, तर हे कुठे जातात ते बाबांना विचारा. शिवाय ताबा मिळेपर्यंत वाकडचं भाडं चालूच राहणार. करात सूट मिळते म्हणाल, तर नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर ती नाही. तुम्ही कोणत्या प्रणालीत आहात ते सीएला विचारा.

हे २१ लाख साठलेले असतील आणि नोकरी पुण्यातच राहणार असेल तर घर जरूर घ्या, मी आडवा येत नाही. मात्र आपल्याला किती कर्ज बसतं ते बँकेकडून लेखी घेतल्याशिवाय बुकिंग ऑफिसची पायरी चढू नका.

प्रश्न : ११ महिन्यांचा भाडेकरार नोंदवावा लागत नाही, असं एजंट म्हणतो. त्यामुळे ‘मालक कधीही बाहेर काढेल’ म्हणून आई घर घ्यायच्या मागे लागली आहे.

उत्तर : महाराष्ट्रात ११ महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे, नोंदवून घ्या, आईला वाचून दाखवा आणि एजंट बदला.

प्रश्न : मामांच्या ओळखीचे बिल्डर आहेत. दसऱ्यानंतर भाव वाढणार, म्हणून आत्ताच चिठ्ठीवर पाच लाख रोख द्या म्हणतात. नाही म्हटलं तर मामांचा अपमान होईल.

उत्तर : मामांचा मान राखायला पाच लाख लागत नाहीत. दसऱ्यानंतर भाव वाढतो, मग दिवाळीची ऑफर येते, मग पाडव्याची. साडेतीन मुहूर्तांपैकी एकही मी ऑफरशिवाय गेलेला पाहिला नाही. रेरा म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा कायदा, त्याच्या कलम १३ प्रमाणे विक्री करार करून तो नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. चिठ्ठी कोर्टात किती टिकते, ते कोणत्याही वकिलाला विचारा. प्रकल्पाचा महारेरा नंबर, म्हणजे या कायद्याखालचा राज्यातला नोंदणी क्रमांक मागा, महारेराच्या संकेतस्थळावर ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली आहे ते पाहा, आणि करारनाम्याचा मसुदा वकिलाकडे द्या. वकील तुमचा हवा, बिल्डरने सुचवलेला नको.

प्रश्न : वडील सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यातून निवृत्त होत आहेत. पीएफ, ग्रॅच्युइटी मिळून २२ लाख येतील. ते सगळे पुण्यात भाड्याने राहणाऱ्या भावाच्या फ्लॅटला द्यायचे आणि कर्जाला सहअर्जदारही व्हायचं, असं त्यांनी ठरवलं आहे. बिल्डरची ‘ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही’ योजना आहे. आई गप्प आहे. मी बोलले तर मुलगी वाटणीसाठी बोलते असं होईल.

उत्तर : होऊ दे तसं, पण बोला. आई गप्प आहे कारण बाबांच्या मागे तिला कोण बघणार, हा प्रश्न तिच्या मनात येऊन गेलेला आहे.

या एका विषयावर माझा आवाज चढतो. निवृत्तीचा पैसा एकदाच येतो. पीएफ कार्यालयाकडून मिळणाऱ्या पेन्शनची किमान रक्कम महिना १,००० रुपये आहे. वडिलांना नक्की किती बसणार याचा आकडा आधी काढा. तो पाहिल्यावर निम्मा उत्साह ओसरतो. हेच २२ लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर सध्याच्या ८.२ टक्के दराने दर तिमाहीला ४५ हजारांच्या आसपास व्याज येईल. महिन्याला १५ हजार. गावच्या घरात दोन माणसांचं दूध, किराणा, औषधं त्यात भागतात आणि मुलापुढे हात पसरावा लागत नाही. वडिलांची साठी झाली नसेल तर निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडावं लागतं, म्हणून पोस्टात आत्ताच चौकशी करा.

दुसरी गोष्ट सहअर्जदाराची. ‘नुसती सही आहे हो’ असं एजंट सांगतो. नुसती सही नसते. मुलाची नोकरी गेली तर बँक वडिलांकडे येते, संपूर्ण थकबाकीसाठी येते, त्यांच्या खात्याकडे पाहते. आणि गंमत पाहा, कर्जाच्या कागदांवर वडिलांचं नाव असतं, पण विक्री करारात पुष्कळदा नसतंच. म्हणजे देणं त्यांचं आणि घर दुसऱ्याचं. उद्या सुनेशी पटलं नाही तर हे गृहस्थ त्या घरात पाहुणे. असे वडील मी बँकेत खुर्चीच्या कडेवर बसलेले पाहिले आहेत. एकानेही ‘मला हे समजलं नाही’ असं म्हटलं नाही, मुलासमोर कसं म्हणणार?

आता ती योजना. ‘हप्ता नाही’ म्हणजे कर्ज नाही असं नव्हे. कर्ज तुमच्या भावाच्या नावावर उचललं जातं, पैसा बिल्डरकडे जातो, आणि ठरलेल्या काळापुरतं व्याज बिल्डर भरतो. तो भरायचा थांबला की बँकेची नोटीस भावाला आणि वडिलांना येते. बांधकाम जसं पुढे सरकेल तसाच पैसा द्यावा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१३मध्येच बजावलं. नॅशनल हाउसिंग बँकेने २०१९मध्ये गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहायला सांगितलं. दिल्लीच्या आसपास या योजनांत अडकलेली कुटुंबं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि न्यायालयाने २०२५मध्ये बिल्डर-बँकांच्या साट्यालोट्याची चौकशी सीबीआयकडे दिली. तरीही वेगळं नाव देऊन तीच योजना विकली जाते. ताबा लांबला तर रेराखाली व्याजासह पैसे परत मागता येतात, हे खरं. पण आदेश हातात पडणं वेगळं आणि जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत वसुली होऊन पैसे हातात पडणं वेगळं. साठीच्या माणसाने त्या रांगेत उभं राहायचं का?

वडिलांना मुलाला मदत करायचीच असेल तर आधी आपली आणि आईची सोय बाजूला काढावी, उरतील त्यातून झेपेल तेवढे द्यावेत. दिलेले पैसे बक्षीस की उसने, ते लिहून ठेवावं. सगळे पैसे देणारच असतील तर करारात आई-वडील दोघांची नावं घालावीत. हा मजकूर वकिलाकडूनच करून घ्या. आणि पैसे हलवण्याआधी चौघांनी एकत्र बसा, आईसकट.

प्रश्न : बायकोच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्क कमी लागतं का?

उत्तर : खरेदीदार फक्त स्त्री असेल तर एक टक्का कमी, जोडीला तुमचं नाव घातलंत की सूट गेली. अटी दुय्यम निबंधक कार्यालयात तपासा.

प्रश्न : वय ३२. स्थळं येतात आणि ‘पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे का?’ इथे अडतात. आई म्हणते, बुक तरी करून ठेव.

उत्तर : ज्या घरात दोघांनी राहायचं, ते एकाने दुसऱ्याला भेटण्याआधीच विकत घ्यायचं, ही आपल्याकडची रीत मला कधी कळली नाही. मुलीची नोकरी खराडीला निघाली आणि तुमचा फ्लॅट रावेतला असला, तर रोजचा तो प्रवास कोण करणार? बुक केलेला फ्लॅट बायोडेटात ‘स्वतःचा’ म्हणून छापू नका. ताबा मिळेपर्यंत तुमच्याकडे करार आणि कर्ज असतं, घर नसतं. पगार, बचत, कर्ज काय आहे ते स्थळाला खरं सांगा. पटलं की दोघं मिळून बँकेत जा.

प्रश्न : वय ५७, अविवाहित, ठाण्यात तीस वर्षं भाड्याने राहते. जवळ ५५ लाख आहेत. भाऊ म्हणतो आता तरी घर घे. मी आजवर ऐकलं नाही. हट्ट करते आहे का?

उत्तर : ताई, तुमच्या बाबतीत मी भावाच्या बाजूचा आहे. भाडं तरुणपणी सोय असते. सत्तरीत दर करार संपला की सामान हलवायचं, एजंटची दलाली भरायची आणि एकट्या वयस्कर बाईला घर द्यायला तयार असणारा मालक शोधायचा, हे जड जातं. या वयात बँक लांब मुदतीचं कर्ज देणार नाही, तेव्हा कर्जाशिवाय बसेल तेवढंच पाहा : कल्याण, डोंबिवली, बदलापूरकडे एक खोली-स्वयंपाकघर. सगळे ५५ लाख त्यात घालू नका, निदान तिसरा हिस्सा आजारपणासाठी आणि महिन्याच्या खर्चासाठी राहू द्या. बांधकाम चालू असलेलं घर अजिबात नको. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला परवानगी दिल्याचा पालिकेचा दाखला असावा, सोसायटी नोंदलेली असावी, लिफ्ट असावी. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, आधीच्या करारांचे इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचे उतारे) आणि सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र पाहा, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी करून घ्या. घर झालं की नॉमिनेशन करा आणि मृत्युपत्रही, कारण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. भावाला सोबत न्या, पण टोकनचा चेक त्याने घाई केली म्हणून त्याच दिवशी फाडू नका. आधी कागद वकिलाकडून परत येऊ देत.