श्रद्धा उडते ती कशी दाखवायची?

प्रश्न : माझ्या कथेत मुलगा गेलेल्या आईची देवावरची श्रद्धा उडते. त्यासाठी मी विझणारा दिवा वापरलाय. मैत्रीण म्हणते, हे फारच सोपं झालं. तिचं ऐकू का?

उत्तर : ऐका. दिवा विझला की वाचक पुढचं सगळं ओळखून मोकळा होतो. रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्कीचा मुलगा अल्योशा १८७८मध्ये फेफऱ्याने गेला, जेमतेम पावणेतीन वर्षांचा. त्यानंतरच्या ‘द ब्रदर्स करामाझोव्ह’ या कादंबरीत तेवढंच मूल गमावलेली एक शेतकरी बाई मठात झोसिमा या साधूकडे येते. तो आधी ठरीव सांत्वन करतो : मूल देवापाशी आहे वगैरे. हे तर नवऱ्याकडून ऐकून तिला पाठ झालेलं! ती उराशी जपलेला मुलाचा चिमुकला कंबरपट्टा काढते आणि हुंदके देते. पट्ट्याला काही अर्थ चिकटवलेला नाही. तो त्या मुलाच्या मापाचा आहे, बस्स. मग झोसिमा तिला रडायची मुभा देतो. मला श्रद्धा दिसते ती इथे.

आणि हो, तुमची आई देवाशी भांडत का नाही? भांडायला समोर कुणी आहे असं धरावं लागतं. तो प्रसंग आधी लिहा, शेवट नंतर ठरवा.