दम्याच्या पंपाला सेन्सर लावून खरंच फायदा होतो का?

तुम्ही विचारलंय, आई म्हापशात एकटी राहते, तुम्ही पुण्यात. तिच्या दम्याच्या पंपाला ब्लूटूथचा सेन्सर लावावा का?

आम्ही गोव्यातच, साखळी गावात, बाबांवर हा प्रयोग केलाय. अमेरिकेतल्या भावाने दोन सेन्सर आणले. एक रोजच्या स्टेरॉइडच्या पंपाला, दुसरा धाप लागली की घ्यायच्या निळ्या पंपाला. फवारा मारला की तारीख आणि वेळ मोबाइलवर. बस्स, एवढंच ते करतं.

पण तेवढ्यानं बाबांचं बिंग फुटलं. "रोज घेतो रे" म्हणणारे बाबा रोजचा पंप आठवड्यातून दोनदाच घेत होते. आणि निळा? चवथीच्या तोंडावर दोन दिवसांत नऊ फवारे, बहुतेक पहाटे तीन-चारला. माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची लाकडी चौकट काढायला ते माळ्यावर चढले होते. पावसाळाभर बंद असलेला माळा, वर बुरशी नि धूळ. आम्ही इतकी वर्षं अगरबत्तीला दोष देत होतो! (तीही काही निर्दोष नाही म्हणा.) डॉक्टरांनी नोंदी बघून औषध बदललं नाही, रोजचा पंप नेमानं घ्या म्हणाले. निळा आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागला तर दमा काबूत नाही, हेही बजावलं.

फवारा गेला कुठे हे मात्र सेन्सरला कळत नाही. एकदा मला खूश करायला बाबा खिडकीबाहेर फवारा मारताना सापडले. मोबाइलवर हजेरी लागली होती. डॉक्टरांनी समोर पंप घ्यायला लावला तेव्हा दिसलं, ते श्वास झटक्यात ओढतात. फवाऱ्याच्या पंपाला तो सावकाश ओढून दहा सेकंद रोखायचा असतो. त्या दिवशी स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) आला, आणि खरं सांगू, सेन्सरपेक्षा जास्त फरक त्यानं पडला.

श्वासाचा जोर मोजणारे इनहेलरही निघाले होते. टेव्हा या औषध कंपनीच्या डिजिहेलरला 2018 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, 2024 मध्ये कंपनीनं तो बंदही केला. तेव्हा महागडं काही घेण्याआधी ते आईच्या पंपावर बसतं का, ॲप इथे चालतं का, एवढं बघा. ती रोटाकॅप, म्हणजे ओढून घ्यायच्या कोरड्या पावडरीची कॅप्सूल, घेत असेल तर फवाऱ्याच्या पंपाचा सेन्सर कामाचा नाही.

आणि आधी आईला विचारा. पुण्याहून रोज "आज का घेतला नाहीस?" असा फोन यायला लागला तर ती सेन्सर काढून फडताळात ठेवील. बाबांनी ठेवलाय.