पेन्सिल थोडी थांबू द्या

प्रश्न : माझा ४ वर्षांचा नातू ‘वाट शोधा’ची कोडी सोडवताना रेघा ओलांडतो, मग चिडून कागद फाडतो. काय करू?
– एक आजी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आजी, कोडी सोडू नका, पण पेन्सिल आत्ताच देऊ नका. या वयात डोळ्याला वाट दिसते, हात मागे राहतो. सारवलेल्या अंगणात तुराट्या मांडून रुंद वाट करा, एक-दोन फाटे बंद ठेवा आणि त्याला स्वतः चालू द्या. बंद फाट्याशी अडला तरी लगेच सांगू नका; मागे वळून दुसरी वाट धरणं, हेच तर शिकायचं आहे. मग तीच वाट पाटीवर काढून बोटाने गिरवायला द्या. ‘वासरू गाईकडे ने’ म्हटलं की आमच्या अंगणवाडीतली पोरं पाटी सोडत नाहीत!