जनुकं कापणारी कात्री सलाईनमधून पेशीत पोचते कशी? आणि मग सिकलसेलला तेच का चालत नाही?

क्रिस्परचं (जनुक कापून बदलण्याच्या तंत्राचं) औषध सलाईनमधून देतात ते पेशीत शिरतं कसं, आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर असंच इंजेक्शन का नाही, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. गोम दुसऱ्यात आहे, पण सुरुवात पहिल्यापासून करावी लागेल.

औषध भरलेलं असतं चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत, आणि हे कण मी प्रयोगशाळेत स्वतः बनवते. एका सिरिंजमध्ये अल्कोहोलात विरघळवलेले चार स्निग्ध पदार्थ असतात: आम्लात धनभार घेणारं लिपिड (म्हणजे स्निग्ध रेणू), एक फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल आणि पेग नावाचा पॉलिमर जोडलेलं लिपिड. दुसरीत पीएच 4 च्या बफरमध्ये आरएनए असतो. त्यात कॅस9 प्रथिन (हीच ती कात्री) बनवायची कृती सांगणारा चार हजारांवर अक्षरांचा एमआरएनए आणि कुठे कापायचं ते दाखवणारा शंभरेक अक्षरांचा गाइड. दोन्ही सिरिंजा पंपावर लावून बारीक वाहिन्यांच्या चिपमधून ढकलायच्या. पलीकडून येणारा द्रव उजेडात धरला की किंचित निळसर दिसतो, आणि माझा जीव भांड्यात पडतो. कण साधारण 80 नॅनोमीटरचे. पहिल्या बॅचला मी सुक्रोज न घालताच फ्रीझरमध्ये ठेवलं होतं. सकाळी कण 300 च्या वर, आठवड्याची मेहनत सिंकमध्ये.

खरी करामत त्या पहिल्या लिपिडची. आम्लात धनभार असतो म्हणून ऋणभारित आरएनए त्याला धरून राहतो. मग पीएच 7.4 वर आणलं की भार जवळजवळ जातो, त्यामुळे रक्तात ते वाटेत भेटेल त्याला चिकटत सुटत नाही. पेशी कण गिळते तेव्हा तो एंडोसोम नावाच्या कप्प्यात अडकतो. हा कप्पा आंबट होत जातो, लिपिडवर पुन्हा भार येतो आणि कप्प्याचा पडदा फाटतो. फाटतो म्हणायचं इतकंच. 2013 साली छोट्या आरएनएवर झालेल्या मोजणीत जेमतेम 1 ते 2 टक्के माल बाहेर पडलेला दिसला, उरलेला पेशीच्या पोटातच. तरी काम भागतं, कारण एका एमआरएनएवरून कितीतरी प्रथिनं बनतात आणि डीएनएतला बदल एकदाच व्हावा लागतो. काही दिवसांत एमआरएनए आणि कात्री दोन्ही नाहीशी होतात, हेही बरंच.

आता गोम. रक्तात गेल्यावर कणावरचं पेग गळतं आणि अपोई नावाचं प्रथिन येऊन बसतं. यकृताच्या पेशी अपोई बघून कणाला नेहमीचा चरबीचा कण समजतात आणि आत घेतात. आपण पत्ता लिहिलेलाच नसतो, यकृतच पार्सल उचलतं! म्हणून आजवरचं ठळक यश यकृतातलंच. 2021 साली ट्रान्सथायरेटिन अमायलॉइडोसिसच्या (यकृतात बनणारं ट्रान्सथायरेटिन प्रथिन अवयवांत साचण्याच्या आजाराच्या) पहिल्या सहा रुग्णांचे निकाल आले. त्यात किलोमागे 0.3 मिलीग्रॅमचा डोस घेतलेल्यांचं ते प्रथिन 28 दिवसांत सरासरी 87 टक्क्यांनी उतरलं. 2025 मध्ये फिलाडेल्फियात केजे नावाच्या तान्ह्या बाळाला खास त्याच्यासाठी बनवलेला बेस एडिटर (डीएनएचं एकच अक्षर बदलणारी क्रिस्परची आवृत्ती) अशाच कणांतून तीन डोसांत दिला. विषाणूतून दिलं असतं तर पहिल्या डोसनंतर प्रतिपिंडं तयार होऊन पुढचे डोस अवघड झाले असते.

सिकलसेलमध्ये बदल करायचा तो रक्त बनवणाऱ्या मूळपेशींत; त्या असतात अस्थिमज्जेत, आणि कण तिथवर पोचण्याआधीच यकृत हात मारतं. त्यामुळे 2023 मध्ये मंजूर झालेल्या कॅस्जेव्ही या सिकलसेलवरच्या क्रिस्पर उपचारात मूळपेशी बाहेर काढून, विजेच्या झटक्याने कात्री आत घालतात आणि केमो देऊन मज्जा रिकामी करून त्या परत सोडतात. नंदुरबार-गडचिरोलीतल्या पेशंटला हे कधी झेपायचं? 2023 सालीच कणांवर सीडी117 (मूळपेशींच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) ओळखणारं प्रतिपिंड बसवून उंदरांच्या मज्जेतल्या मूळपेशी गाठल्या गेल्या. माझ्या मते लक्ष ठेवायचं ते याच कामावर.

तुम्ही एम.एस्सी. प्रकल्पात डिशमधल्या पेशींवर करणार म्हणता, तर आधी कॅस9 ऐवजी जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा एमआरएनए भरून बघा, चमकलं की नाही ते दुसऱ्या दिवशी कळतं. माध्यमात सीरम नसेल तर अपोई वरून घाला. मी ते विसरून दोन महिने लिपिडांना दोष देत बसले होते.